स्टेपनीची किल्ली

शनिवार आला की आमच्या धरणाकाठच्या रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्यात हल्ली त्या ठेंगण्या, दोन माणसांच्या, जमिनीला पोट टेकलेल्या गाड्याही असतात. गेल्या पौषात त्यातली एक माझ्या दारासमोरच्या वळणावर घसरली आणि बांधावर चढली. सकाळी सातचा सुमार. गाडी चालवणाऱ्या पोराला काही झालं नव्हतं. तो उतरला आणि मलाच टायर दाखवायला लागला. काका, नक्षी बघा, नवी कोरी आहे, तुमचा रस्ताच खराब. मी विचारलं, टायर किती वर्षांचं? तर म्हणाला, वर्षांचा काय संबंध, गाडी चाललीच किती.

हे मी साठ वर्षांपूर्वी ऐकलंय, असंच्या असं. तेव्हा ऐकून गप्प बसलो नाही, तरी माझ्या हाती काही लागलं नाही. त्या पोराचं बोलणं ऐकून डोकं असं तापलं की दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. ज्याला माझं अक्षर आणि बोलणं सोसवेल त्यानं वाचावं, बाकीच्यांनी ठेवून द्यावं.

पुण्याला पूर आला त्याच्या पुढल्या हिवाळ्यातली गोष्ट. पाण्याला लागून एका पुण्याच्या साहेबांचा बंगला होता. आमचा बा तिथला राखणदार, आणि मी साहेबांची जीप चालवायचो. माझं वय तेवीस-चोवीस असेल, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पौडपासून वर घाटापर्यंत लायसनवाला ड्रायव्हर म्हणजे तेव्हा लोक उभं राहून बघायचे. मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे आजही आहे.

जीपवर बसायच्या आधी दोन वर्षं मी पौडच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराकडे टायरच्या वहाणा कापायला होतो. शेतकऱ्याच्या पोरानं चामडं कापायची रापी हातात धरली म्हणून भावकी मला नाही नाही ते बोलली. बोलू दे. त्या म्हाताऱ्यानं मला रबर शिकवलं, ते शिक्षण कुठल्या शाळेत नव्हतं. टायर आलं की तो आधी अंगठ्याचं नख रोवायचा. नख रुतून खूण परत भरून आली तर रबर जिवंत. नख नुसतंच सरकलं तर मेलेलं. मग तुकडा वाकवून उजेडात धरायचा. म्हाताऱ्या बाईच्या टाचेला असतात तशा बारीक भेगा दिसल्या की तुकडा फेकून द्यायचा, मग नक्षी किती का खोल असेना. थंडीत सकाळी तर चांगल्या रबरातही रापी शिरायची नाही. उन्हात ठेवलं की ते मऊ व्हायचं. जुनं मात्र थंडीत पार लाकूड व्हायचं.

एकदा मी घाईत एका धनगराला असल्या जुन्या टायरचा तळ लावून दिला. आठ दिवसांनी तो लंगडत आला, दोन्ही वहाणा माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "आता ह्या तूच घाल, अन् माझ्या शेरडांमागं डोंगर चढ." म्हाताऱ्यानं त्या दिवशी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. पण धडा पक्का बसला.

आता साहेबांच्या गाडीचं सांगतो. ती विलायतेहून बोटीनं आलेली. रंग गर्द हिरवा, वर टप नाही, चाकांना सायकलसारखे आरे. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू. घेतली तेव्हा साहेबांनी वर्षभर फिरवली असेल. मग त्यांनी मोठी गाडी घेतली आणि ही आमच्या बंगल्याच्या शेडमध्ये येऊन पडली. वर्षातून दोन-चारदा पाहुणे आले की साहेब तिला बाहेर काढायचे, दुपारी जेवणं झाल्यावर, चांगल्या उन्हात, आणि धरणाच्या भिंतीपर्यंत नेऊन आणायचे. बाकी वर्षभर ती उभी. दहा वर्षं झाली तरी टायर तीच. तसल्या मापाची टायर इथं मिळत नव्हती, परदेशातून मागवायला खटपट होती, आणि नक्षी तर शाबूत होती.

गाडीची निगा बा ठेवायचा. आमच्याकडे चामड्याला करंजीचं तेल लावायची रीत. बैलांच्या गळ्यातले पट्टे, चाबकाची वादी, वहाणा, सगळ्याला करंजीचं तेल. चामडं तडकत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. बानं तीच रीत टायरांना लावली. दर खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची आणि चारी टायरांना तेल चोळलं जायचं. पुढं पुढं तो महिन्याच्या महिन्याला चोळायला लागला. टायर अशी काळीभोर चमकायची की साहेब पाहुण्यांना दाखवायचे, बघा, आमचा माणूस किती जपतो. बाची छाती फुगायची. चारच टायर म्हणतो, कारण पाचवं, स्टेपनीचं, डिकीत कुलपात असायचं. इंजिनाची किल्ली शेडमध्ये खिळ्याला, डिकीची मात्र साहेबांच्या खिशातल्या साखळीला. डिकीत नट खोलायचे विलायती पाने होते, त्यांवर त्यांचा फार जीव.

त्या पौषात साहेब एका पाहुण्याला घेऊन आले. रात्री दोघांची पैज लागली असावी. सकाळी सूर्य अजून डोंगराआड, पाण्यावर धुकं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती, आणि साहेब म्हणाले गाडी काढ. त्यांचा स्वतःचा हात आदल्या दिवशी होडी ओढताना मुरगळला होता. पाहुण्याला शेजारी बसव, फाटकापासून भिंतीच्या वळणापर्यंत जोरात ने आणि आण. किती मिनिटं लागली ते पाहुणा घड्याळावर बघणार होता.

मी खाली बसून टायरांना नख लावलं. दगडावर लावल्यासारखं सरकलं. उठून म्हणालो, "साहेब, ही टायरं मेली हायेत. न्यायचीच तर ऊन वर येऊ द्या. आधी दोन-चार मैल हळू फिरवून आणतो, जरा ऊब धरू द्या त्यास्नी."

"मेली?" साहेब हसले. "अरे, नक्षी बघ. नवी कोरी आहेत. गाडी चाललीच किती?"

"चालली न्हाई, पर धा वर्सं उभी हाय. रबर बसून बसूनबी म्हातारं होतं."

साहेब पाहुण्याकडे वळले. "बघितलंत? दोन वर्षं चपला कापल्या आणि टायरांचा डॉक्टर झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भीती वाटत असेल तर तसं सांग. तुझ्या बापाला बसवतो स्टेरिंगवर."

पाहुणा हसला. बा बाजूलाच फडकं घेऊन उभा होता, साहेबांचा विनोद म्हणून तोही हसला. मी शेडमध्ये गेलो आणि खिळ्यावरची किल्ली काढली. इथं माझी चूक झाली. कुणी काही म्हणो, नाही म्हणून उभा राहायला पाहिजे होतो. भ्याला म्हटलेलं मला सोसलं नाही.

पहिलं वळण नीट गेलं. पाहुणा शेजारून सारखा म्हणत होता, अजून, अजून. मी त्याचं ऐकलं नाही. जीप जशी नेतो तशीच नेत होतो. दुसरं वळण डोंगराच्या सावलीतलं. रस्ता कोरडा, खडी नाही, वळण असं की बैलगाडीवाला झोपेत घेईल. ब्रेकवर पाय नुसता ठेवला, आणि मागची बाजू माझ्याआधी वळायला निघाली. स्टेरिंग उलट फिरवलं, पण पुढची चाकंही रस्ता धरेनात. चांगलं टायर घसरताना ओरडतं. हे ओरडलं नाही. फरशीवरून लाकडी पेटी ओढावी तसं खरखरलं. गाडी कडेच्या चुना लावलेल्या दगडांवर आडवी गेली. पुढच्या एका चाकाचे आरे तुटले, टायर फाटून बाहेर आलं, आणि पाहुण्याचा हात मोडला.

साहेब पळत आले. आधी गाडी बघितली, मग पाहुणा, मग रस्ता. रस्ता कोरडा, वळण साधं. म्हणजे खोट माझ्यात. पाहुणा म्हणाला, यानं मला दाखवायला म्हणून हाणली. अजून, अजून म्हणणारं तोंड तेच. मी तिथंच त्याला विचारलं, कोण म्हणत होतं अजून? त्यानं तोंड फिरवलं.

त्याच दिवशी माझी नोकरी गेली. नोकरीचं एवढं नाही. पण साहेबांनी पौडपर्यंत सगळ्यांना सांगितलं की पोरगा माजलाय, त्याच्या हातात चाक देऊ नका. नोकरी गेल्यावर दगड वाहणाऱ्या एका ट्रकवर माझं काम ठरत आलं होतं. ट्रकवाल्यानं मला दारातून परत लावून दिलं, साहेबांसारखा माणूस खोटं कशाला बोलेल म्हणाला. ड्रायव्हरला दुसरं काय असतं? शेत भावकीत, घर बापाचं. माझं म्हणून एक नाव होतं, ते आठ दिवसांत मातीत गेलं. बा म्हणाला, जाऊन पाया पड आणि मोकळा हो. मी म्हणालो, चुकलो असतो तर पडलो असतो. त्यानंतर आम्ही एका घरात राहून बोलत नव्हतो.

मोडकी गाडी ओढून शेडमध्ये लावली होती, फाटलेलं टायर शेडमागे टाकलेलं होतं. मी त्यातून एक तळ कापला, डाव्या पायाचा. उजव्याचा कापला जीपच्या एका टायरमधून, ते खिळ्यानं फाटलं होतं पण होतं वर्षाभराचंच. दोन्ही तळ एकाच जाडीचे, एकाच मापाचे. जुन्याला रापी लावली की कर्र वाजायची. त्याला वास येत होता करंजीचा. मला वास आला आणि मी तो बाजूला सारला. माझं सगळं लक्ष साहेबांना खोटं पाडण्यात होतं, त्या वासाचा अर्थ काय होईल ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

बंगल्याखाली होडी पाण्यात सोडायला दगडी उतार बांधलेला होता. मी निरोप धाडला की टायर मेलं होतं ते तिथं दाखवतो. ट्रकवाला आला, गावातली चार माणसं आली. साहेब आले ते न्याहारी करून, अकराला. तोवर उतारावर लख्ख ऊन. वहाणा घालून मी खाली गेलो, वर आलो. दोन्ही पाय घट्ट. माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, वहाणा चांगल्या झाल्यात, मलाबी एक जोड कर.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"उद्या सकाळी या," मी म्हणालो. "गाडी काढली त्याच वक्ताला. उन्हात तर तुमी धा वर्सं नेतच हुता तिला."

साहेब आले नसते. पण हात गळ्यात बांधलेला पाहुणा होता बंगल्यावर. त्याला गंमत वाटली, बघू या म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी सूर्य यायच्या आत सगळे उताराशी उभे, अंगावर शाली, कानाला मफलर. बासुद्धा आला होता. उतारावर दव होतं. मी गोणपाटानं सगळं पुसून दगड कोरडा केला, म्हणजे नंतर कुणी ओल्याचं नाव घ्यायला नको. मग चाललो. उजवा पाय धरत होता, डावा सरकत होता. साहेब म्हणाले, हा मुद्दाम घसरतोय.

मी वहाणा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. "मग तुमीच घाला."

त्यांना नाही म्हणता येईना, पाहुणा बघत होता. साहेबांनी बूट काढले आणि त्या जाड्याभरड्या वहाणांत आपले गोरे पाय घातले. पहिलं पाऊल बरं गेलं. दुसऱ्याला डावा पाय खालून निघाला आणि साहेब दगडावर बसले. पाहुणा मोठ्यानं हसला. मलाही आनंद झाला, लपवत नाही. ट्रकवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. माझं नाव तिथं मला परत मिळालं.

साहेबांनी बसल्या बसल्याच डावी वहाण काढली. उलटी करून बघितली. नाकाशी नेली. "याला वास कसला येतोय?"

"करंजीचा, साहेब," बा म्हणाला. त्याच्या आवाजात अजून तोच जुना डौल होता. "तेल म्याच लावतुया. धा वर्सं झाली, एक खेप चुकली न्हाई."

साहेब उठले. वहाण हातात धरून त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझी गाडी या घरानंच घालवली. पोरानं नाही तर बापानं. अरे, रबराला कुणी तेल लावतं का?"

बाच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. इतकी वर्षं तेच तेल पाहुण्यांना कौतुकानं दाखवणारा माणूस हे बोलत होता, आणि तिथल्या एकाही माणसाला ते आठवलं नाही. साहेबांना लागणारा दोषी त्यांना मिळाला होता.

मी पुढं झालो. तेलानं वरून थोडं बिघडलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेल वरच्या वर राहतं. मी कापलेला तळ मधोमध चिरून बघितला होता, आतपर्यंत तसाच कडक होता. ते वय होतं, तेल नव्हतं. आणि ते सिद्ध करायला वस्तू दहा पावलांवर होती.

"साहेब, डिकी उघडा," मी म्हणालो. "स्टेपनी ह्याच टायरांबरूबर आली. ती कधी चालली न्हाई, तिला कधी तेल लागलं न्हाई. तिचा वीतभर तुकडा द्या. हितंच तळ लावतो अन् हितंच चालून दावतो. तीबी अशीच सरकंल."

साहेबांचा हात खिशात गेला. साखळी वाजली, मी ऐकली. सगळ्यांनी ऐकली. मग हात बाहेर आला तो रुमाल घेऊन. त्यांनी बोटं पुसली, रुमाल घडी करून परत ठेवला आणि म्हणाले, "गाडी उद्या पुण्याला जाईल."

मी शेडच्या वाटेत आडवा उभा राहिलो. डिकी उघडल्याशिवाय हलणार नाही म्हणालो. पहारीनं उघडायची माझी तयारी होती. तेव्हा बा माझ्यापाशी आला. इतक्या दिवसांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"सर बाजूला," तो म्हणाला. "चूक माझी हाय. किती लाज काढशील?"

मी सरलो. बाप म्हणून सरलो. आज वाटतं, बाप म्हणूनच उभा राहायला पाहिजे होतो.

गाडी ट्रकमध्ये चढवून नेली, स्टेपनी डिकीतच. साहेबांना माहीत होतं आत काय निघेल. माहीत नसतं तर उघडली असती, घाबरायचं कारण काय होतं? स्टेपनी सरकली असती तर दोष टायर न बदलणाऱ्यावर आला असता. एका किल्लीचा प्रश्न होता. ती त्यांनी फिरवली नाही, आणि मोठा माणूस म्हणून मरेपर्यंत मिरवले.

मला ट्रकचं काम मिळालं. पुढं तीस वर्षं स्टेरिंग धरलं, माणूस तर सोडा, कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. गावात लोक म्हणायचे, पोराची काही चूक नव्हती, म्हाताऱ्यानं टायरांना तेल घातलं. हसून म्हणायचे. बाजारात कुणी तरी बाला विचारायचंच, काय पाटील, आज कुणाच्या टायरला तेल? बानं राखणदारी सोडली. आणि तेल सोडलं. कशालाच लावेना. बैलांचे पट्टे सुकून तुटले. त्याच्या वहाणा तडकल्या, टाचा रक्ताळल्या, तरी करंजीची बाटली फळीवर तशीच. मी लावायला गेलो तर हातातून काढून घ्यायचा.

मी त्याला शंभरदा सांगितलं, बा, स्टेपनीबी तशीच होती. तो ऐकून घ्यायचा आणि एवढंच म्हणायचा, "तू बघितलीस व्हय?"

मी बघितली नव्हती.

म्हणून मी काय केलं ते सांगतो. पहिल्याच वर्षी ट्रकवाल्याकडून एक नवं कोरं टायर घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि माळ्यावर अंधारात ठेवलं. त्याला तेल नाही, ऊन नाही, रस्ता नाही. घरचे म्हणायचे याचं डोकं फिरलंय. बानं विचारलं, किती दिस ठेवणार? मी म्हणालो, धा वर्सं. साहेबांची टायरं हुती तेवढीच.

बा आठव्या वर्षी गेला.

टायर मी आणखी दोन वर्षं ठेवलं. मग पौषातल्या एका सकाळी खाली काढलं. नख लावलं, सरकलं. नक्षी अशी की बोट बुडावं. त्याचा डावा तळ कापला, नव्या रबराचा उजवा, आणि वहाणा काखेत मारून बंगल्याच्या उताराशी गेलो. बंगला तोवर दुसऱ्या कुणाचा झाला होता. गोणपाटानं दगड पुसला, वहाणा घातल्या आणि चालायला लागलो. तिसऱ्या पावलाला डावा पाय निघाला. मी आपटलो, गुडघा फुटला.

तिथंच बसून मी त्या साहेबाला आईवरून शिव्या घातल्या. वर बंगल्याच्या खिडक्या उघडल्या, नवी माणसं डोकावायला लागली. त्यांना बघून मी आवाज आणखी चढवला.